परका हात

शर्वरीच्या आईने बार्शीच्या एका मास्तरांशी दुसरं लग्न केलं, ते साल दोन हजार एकोणचाळीस. लग्न साधंच झालं, पंगतीला घरचीच माणसं होती. सासरी निघताना आईची ओटी लेकीनेच भरली, यावरून गावात चार दिवस कुजबूज चालली. शर्वरीच्या मामांनी, सर्जेराव पोळांनी, तिकडे कान दिला नाही. बहिणीचं हे लग्न त्यांनीच पुढे होऊन जमवलं होतं. आईने शर्वरीला बार्शीला चल म्हणून फार आग्रह केला. पण अठरा वर्षांची शर्वरी मामाकडेच राहिली, कारण पांढरीचा माळ मामाच्या घरापासून सायकलीच्या अंतरावर होता आणि त्या माळावर लांब पल्ल्याच्या नेमबाजीची रेंज होती. तिथे हजार मीटरवरच्या लोखंडी पाट्यांवर गोळी बसली, की ठण्ण आवाज यायला जरा वेळ लागायचा. तो ऐकायला शर्वरी दिवसच्या दिवस पोटावर पडून असायची.

त्याच उन्हाळ्यात तिने रायफलीचा लाकडी दस्ता काढला आणि जागता दस्ता बसवला.

दस्ता म्हणजे रायफलीचा मागचा भाग. तो खांद्याला लागतो, त्यावर गाल टेकतो. शर्वरीचा लाकडी दस्ता मामांनी स्वतः घासूनपुसून तिच्या मापाचा केला होता. मामा पलटणीत नायक होऊन निवृत्त झालेले, रायफलीला 'हत्यार' म्हणणारे आणि हत्याराला पाय लागला तर नमस्कार करणारे. नवा दस्ता त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

"ह्यो माणसाचा घाम वळखतो म्हनं," ते म्हणाले. "लाकूड बरं व्हतं. त्ये गप बसायचं."

जागत्या दस्त्याचं काम असं. हजार मीटरवर नेम धरून नेमबाज कितीही स्थिर झाला, श्वास रोखला, तरी त्याचं काळीज थांबत नाही. प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट गालातून, तळहातातून दस्त्यात उतरते आणि नळीचं तोंड केसभर हलतं. इथे केसभर हललं, की तिकडे पाटीवर गोळी चार बोटं सरकते. जुने नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत चाप ओढायला शिकत, त्यात वर्षं जात. जागत्या दस्त्यावर कांद्याच्या सालीएवढा पातळ थर होता. त्याला ठोका कळे. चाप ओढला तेव्हा ठोका पडण्याच्या बेतात असेल, तर दस्ता पापणी लवायच्या आत थबके आणि ठोका सरल्यावर गोळी सोडे.

हे खेळात बसतं का, यावर बरीच भांडणं झाली. शेवटी नेमबाजी संघटनेने परवानगी दिली, पण एक अट घातली. दस्त्याने प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवायची. नोंदवलेल्या नेमबाजाखेरीज कुणी हात लावला, तर दस्ता त्याला 'परका हात' म्हणून टिपून ठेवी. शिवाय त्या हाताचा घाम आणि नाडीची चाल पाहून तो माणूस किती घाबरलेला होता याचा आकडा देई. दस्ता बनवणाऱ्या कंपनीने त्याला नाव दिलं होतं भयांक. म्हणजे एकाचा नेम दुसऱ्याने आपल्या नावावर खपवायला नको, की कुणी कुणाच्या रायफलीशी चाळे करायला नकोत.

हेतू चांगला होता. पण पूर्वी माळावरची पोरं एकमेकांच्या रायफली सहज उचलून बघत, 'तुझा चाप हलका आहे गं' म्हणत एखादी गोळी मारूनही घेत. जागते दस्ते आले तशी जो तो आपल्या रायफलीवर गवसणी घालून बसू लागला. चहाला जातानासुद्धा मागे वळून बघू लागला. आधी कुणावर संशय नव्हता, म्हणून तो कुणाला सुचतही नव्हता. आता त्याला आकडा मिळाला होता.

शर्वरीचा मात्र एका माणसावर जीव होता, ती वेदश्री खरात. लांब पल्ल्याला नेमबाज एकटा पुरत नाही. शेजारी दुर्बीण लावून वारा सांगणारा लागतो. जमिनीवरून उठणारी उन्हाची थरथर कुठे झुकते, गवत कुठे मोडतं, दूरच्या पवनचक्क्या कुठल्या अंगाने फिरतात, हे पाहून तो सांगतो, तेवढा नेम बाजूला घ्यायचा. वेदू वारा सांगायची आणि शर्वरी डोळे झाकून ऐकायची. दोघी पांढरीच्या माळावरच वाढल्या होत्या. वेदूचं रात्रीचं जेवण निम्म्या वेळा मामांकडेच व्हायचं, आणि मामा तिला 'हवामान खातं' म्हणायचे.

देशाच्या संघनिवडीच्या दोन फेऱ्या होत्या, एक सप्टेंबरात, एक ऑक्टोबरात; दोन्हींतली जी चांगली ती धरायची. निवड झाली की आधी पुण्याला शिबिर, मग दोन वर्षं परदेशी प्रशिक्षण. यापलीकडे शर्वरीला काही नको होतं. मामांना ते ठाऊक होतं. एकदा भाकरी थापता थापता ते म्हणाले होते, तू गेलीस की घरात मी आन् रेडू. रेडू म्हणजे त्यांचा रेडिओ. शर्वरी हसली होती.

पहिली फेरी दुसऱ्या जिल्ह्यात होती, पहाटे निघायचं होतं. म्हणून एरवी रेंजच्या तिजोरीत राहणारी रायफल पहिल्यांदाच आदल्या दिवशी घरी आली. शर्वरी त्या दिवशी पासपोर्टच्या कामाला साताऱ्याला गेलेली. प्रशिक्षक बर्गे मॅडमनी आपल्या गाडीतून वेदूला सोबत घेऊन रायफलीची पेटी घरी पोचवली आणि मामांच्या स्वाधीन केली.

या फेरीची सुरुवात थंड नळीच्या गोळीने होते. सरावाला एकही गोळी मिळत नाही. थंड रायफलीतून एकच मारायची, आणि तिचे गुण पुढच्या अख्ख्या डावाइतके. शर्वरी आडवी झाली. वेदूने वारा सांगितला. गोळी सुटली, ठण्ण काही आलं नाही. गोळी पाटीच्या वरून निघून मागच्या बांधाची धूळ उडवून गेली. पुढच्या सगळ्या गोळ्या बसल्या, पण यादीत शर्वरी तळाला होती.

परतताना गाडीत ती वेदूशी बोलली नाही. वारा चुकला, असंच तिला वाटत होतं. बर्गे मॅडम मात्र वेगळ्याच विचारात होत्या. पहिल्या गोळीला नळीच्या तोंडाशी निळसर धूर उठला होता, तो त्यांनी पाहिला होता. असा धूर नळीत तेल असलं की उठतो. लांब पल्ल्याचे नेमबाज स्पर्धेआधी नळी कधी साफ करत नाहीत. चार गोळ्यांची काजळी आत बसलेली असली, की रायफल एकसारखी मारते. स्वच्छ, तेलकट नळीची पहिली गोळी भलतीकडे जाते. ज्याला हा खेळ कळतो त्याला हे कळतं. म्हणजे, मॅडम म्हणाल्या, ज्याने नळीत तेल ओढलं त्याला खेळ कळत होता.

कंपनीचे केळशीकर दुसऱ्या दिवशी रेंजवर आले. दस्त्याला वायर जोडून त्यांनी पडदा सगळ्यांसमोर धरला. शर्वरीचा शेवटचा सराव आणि स्पर्धा, या दोन्हींच्या मध्ये एक परका हात होता. किती वाजता, हे सांगता येत नव्हतं, कारण पेटीत असताना दस्त्याचं घड्याळ झोपतं. पण हात बराच वेळ होता. आणि भयांकाची सुई पट्टीच्या शेवटाला टेकली होती.

"एवढा आकडा मी पाहिलेला नाही," केळशीकर म्हणाले. "हा माणूस थरथर कापत होता. आपण काय करतोय ते त्याला पक्कं माहीत होतं."

घरी कोण कोण होतं, असं मॅडमनी विचारलं. शर्वरी म्हणाली, मामाच फक्त. मॅडमनी मान हलवली. पलटणीतला माणूस, तो हत्याराशी दगा करणार नाही, असं त्यांनीच म्हटलं आणि तो प्रश्न तिथेच मिटला. राहिल्या त्या स्वतः आणि वेदू. मॅडमनी लगेच आपला तळहात दस्त्यावर ठेवला. जुळला नाही. मग सगळ्यांनी वेदूकडे पाहिलं.

वेदू जागची हलली नाही. "शरे, तुला वाटतंय का मी केलं?"

"हात लाव ना," शर्वरी म्हणाली. "लगेच मिटेल."

"तुझं मिटेल. माझं काय मिटणार?"

आणि दुर्बिणीची पिशवी टेबलावर ठेवून ती निघून गेली. तिच्या जाण्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाने एकच लावला. केळशीकरांनी शर्वरीच्या फोनवर नोंदीचं पान उघडून दिलं. इथून पुढे स्वतःच बघत जा म्हणाले.

मामांना तिने यातलं काही सांगितलं नाही. वाऱ्याने घालवली, एवढंच म्हणाली. हवामान खातं जेवायला का येईना, असं मामांनी दोनतीनदा विचारलं, तेव्हा परीक्षेचं कारण दिलं. मामांनी भरीत केलं, की एक वाटी झाकून ठेवलेली असायची. सकाळी ती शर्वरीच मुकाट्याने संपवायची.

ऑक्टोबरची फेरी आली. वारा सांगायला दुसरी मुलगी मिळाली होती, पण शर्वरीचा तिच्यावरही भरवसा नव्हता. तिने मनाशी एक ठरवलं. या वेळी रायफल तिने तिजोरीतून स्वतः काढली, मॅडमच्या गाडीतून मांडीवर पेटी ठेवून घरी आणली आणि लोखंडी कपाटात ठेवली. वाटेत पेटी उघडली नाही. मधे कुणीच नाही, तर उद्या पान कोरं असेल, आणि वेदूवरचा आरोप कायमचा शाबीत होईल. पाठ टेकताच तिला झोप लागली.

सकाळी तिने फोन उघडला. परका हात. भयांक पट्टीच्या बाहेर.

स्वयंपाकघरात मामा चहा गाळत होते. खिडकीत वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तेलाची बुधली आणि एक दोरी होती, दोरीच्या टोकाला फलालीनची काळी पडलेली चिंधी. पलटणीत तिला पुलथ्रू म्हणतात. दोरी नळीतून ओढायची, की चिंधी आतून पुसत येते. शर्वरीने असली दोरी लहानपणी खेळायला घेतली होती.

"मामा, रायफलीला हात लावलात?"

"लावला म्हंजी? पुसली की. आरशागत केलीय, बघ जा."

"मागच्या वेळी पण?"

"मग. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिशी हत्यार मैलं ऱ्हायलं तर हवालदार कानाखाली काढायचा." त्यांनी कप पुढे सरकवला. "तू तर देशाकडनं निघालीयास."

क्षणभर शर्वरीला हसूच आलं असतं. पलटणीत चकचकीत नळी म्हणजे इमान, आणि या खेळात तीच नळी घात करते. मामांना काय माहीत? एवढ्याने सगळं सुटत होतं. वेदू सुटत होती, मामाही सुटत होते. पण हातात फोन होता आणि त्यावर सुई. नुसती पुसायचीच होती, तर हा माणूस कापत कशाला होता? तिला रेडिओची गोष्ट आठवली. मी गेले की घरात कोण उरणार, हे तिला आता वेगळ्या अंगाने दिसायला लागलं. माळावरच्या सगळ्या स्पर्धांना मामा येऊन बसायचे, पोरांच्या गप्पा ऐकायचे. काजळीची गोष्ट एकदाही कानावर पडली नसेल?

"पुसताना घाबरला होतात कशाला?" तिने विचारलं.

मामांना प्रश्नच कळला नाही. तिने फोन पुढे धरला, कशाचा आकडा ते सांगितलं. मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ह्ये म्हनतंय मी भ्यालो व्हतो?"

"ते आजवर चुकलेलं नाही, मामा."

"आन् मी?" मामा म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शर्वरी पेटी उचलून निघाली. चहा तसाच राहिला.

गाडीत तिने मॅडमना नळी साफ झाल्याचं सांगितलं. कुणी केलं ते सांगितलं नाही. नियमाने एकही गोळी मारता येत नव्हती. कोरड्या चिंध्या ओढून दोघींनी तेल तेवढं काढलं आणि मागच्या वेळी गोळी किती वरून गेली होती, त्या अंदाजाने शर्वरीने नेम खाली धरला. ठण्ण आवाज आला. त्या दिवशी तिची एकही गोळी वाया गेली नाही. संध्याकाळी यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. टाळ्या वाजत असताना ती गर्दीत एकेकाचा चेहरा निरखत होती. कोण खरंच खूश आहे, ते तिला ओळखता येईना.

तिने वेदूला फोन केला. तो हात मामांचा निघाला, मला माफ कर, म्हणाली. मामा काय म्हणाले, ते वेदूने विचारलं. सहज पुसली म्हणतात, शर्वरी म्हणाली, पण आकडा तसं म्हणत नाही.

"म्हणजे आधी माझ्यावर, आता त्यांच्यावर," वेदू म्हणाली. "दस्त्याला विचारून झालं असेल तर ठेवते."

ऑक्टोबर संपता संपता शर्वरी पुण्याला शिबिरात गेली. मामा रोज संध्याकाळी फोन करायचे. ती दोन वाक्यांत आटोपायची, कारण त्यांच्या प्रत्येक बोलण्यामागे काय असेल, ते ती शोधत बसायची. दिवाळीला येणार का, असं त्यांनी विचारलं. शिबिर सोडता येत नाही, असं ती म्हणाली. परवानगी मागितली असती तर मिळाली असती. एकदा मामा म्हणाले, हल्ली माळ चढताना धाप लागते, छातीत पाखरू फडफडल्यागत होतं. शर्वरीने ऐकून घेतलं. हे आपल्याला परत बोलवायचं निमित्त आहे, असं तिच्या मनाने लगेच ठरवून टाकलं. डॉक्टरला दाखवा, असंही ती म्हणाली, पण जरा रागानेच.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेदूचा फोन आला. मामा अंगणात पडलेले सापडले होते. उजवी बाजू लुळी पडली होती, बोलता येत नव्हतं. वेदू अधूनमधून त्यांच्याकडे जात होती, हे शर्वरीला तेव्हा कळलं. तिनेच गाडी करून त्यांना साताऱ्याला नेलं होतं.

दवाखान्यातले डॉक्टर सावंत वयस्कर आणि शांत होते. त्यांनी शर्वरीला समजावून सांगितलं, की काळजाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरायला लागतात, असा एक आजार म्हातारपणाकडे पुष्कळांना होतो. मग ठोके कसेही पडतात, दोन लवकर, एक उशिरा, पुन्हा तीन लवकर. वरच्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की असं होतं. लवकर कळलं तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात, त्यावर माणसं वर्षानुवर्षं जगतात.

"लवकर कळतं कसं?" शर्वरीने विचारलं.

नुसतं मनगट धरलं तरी शंका येते, डॉक्टर म्हणाले. मग ईसीजीची पट्टी काढून खात्री करायची.

शर्वरीने फोन काढला. नोंदीच्या पानावर सुईखाली एक बारीक रेघ होती, परक्या हाताच्या नाडीची. तिने ती कधी नीट पाहिलीच नव्हती, ती सुईकडेच बघत आली होती. घाबरलेल्या माणसाची नाडी अशी असते का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. भीतीने काळीज घाईने पळतं, ते म्हणाले, पण ताल सोडत नाही. यात ताल कुठेच नाही. मग त्यांनी पान खाली ओढलं. वरची रेघ ऑक्टोबरची होती, तिच्याखाली सप्टेंबरची, तशीच.

"हे तुमच्याकडे सप्टेंबरपासून आहे?" त्यांनी विचारलं.

शर्वरीने केळशीकरांना फोन लावला. ते म्हणाले, दस्त्याला भीती शिकवली ती हजारो नेमबाजांच्या नाडीवरून, स्पर्धेच्या आधी घेतलेल्या. सगळी पंधरा ते पंचविसातली पोरं. म्हातारं काळीज त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ओळखीची नसलेली नाडी आली, की ती तो भीतीच्या टोकाला नेऊन ठेवी, कारण शेवटची जागा तीच होती. कंपनी सुधारणा करील, असंही ते म्हणाले. शर्वरीने फोन बंद केला.

वेदू बाहेरच्या बाकावर बसली होती. शर्वरी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. वेदूने सरकून जागा केली.

पुढचे दोन दिवस शर्वरी मामांच्या डाव्या हाताशी बसून होती. बोटं मनगटावर ठेवली की कळायचं. दोन लवकर, एक उशिरा. आन् मी, असं मामांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर तिने त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा पुन्हा दिलं. तुम्ही घाबरला नव्हतात मामा, तुम्ही खरं बोललात. ते त्यांना ऐकू गेलं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

सर्जेराव रामचंद्र पोळ, वय त्रेसष्ट, मंगळवार, २२ नोव्हेंबर २०३९ रोजी सकाळी साताऱ्याच्या दवाखान्यात वारले.